‘देवाने त्यांना का नाही वाचवलं?’

आईबाबांनो, टीव्हीवर दरड कोसळल्याची बातमी सुरू असते आणि मूल हे विचारतं. आपण घाईत बोलून जातो, “त्यांचं नशीब”, “पापाचं फळ”, नाहीतर “आपल्यावर देवाची कृपा आहे.” कळकळीने सांगते, यातलं एकही उत्तर देऊ नका. कृपा आपल्यावर, मग ढिगाऱ्याखालच्या मुलावर का नाही? हा हिशेब मूल मनात मांडतंच. मग पुढे कधी तापाने फणफणलं की स्वतःचं पाप शोधत बसतं.

त्याला किल्लारी गावाचं सांगा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. बाप्पाला निरोप देऊन लोक झोपले होते, त्यांची भक्ती कुठे कमी पडली? जमीन कुणी हलवली नाही. पण हजारो जीव गेले ते मुख्यतः चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि मातीचं जड माळवद अंगावर कोसळून. हलक्या झोपड्या त्या मानाने तगल्या. पाप-पुण्याचा निवाडा छपराच्या वजनावर होतो का? गावकऱ्यांनाही बोल लावू नका. पिढ्यानपिढ्या घरं तशीच बांधली जात होती, आणि भूकंपाच्या नकाशातही हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आता मात्र ठाऊक आहे. यापुढे कच्ची भिंत उभी राहिली, तर ती बांधणाऱ्याला आणि चालवून घेणाऱ्याला देवाकडे बोट दाखवता येणार नाही.

१९३४च्या बिहारच्या भूकंपाला गांधीजी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हणाले होते. रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला आणि गांधीजींनी तो आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात छापला. अस्पृश्यता पापच, पण मला रवींद्रनाथांचंच पटतं. भूकंप काय जात विचारून येतो?

“मग देव काय करत होता?” हा पुढचा प्रश्न येईलच. “मलाही कळत नाही,” असं सरळ सांगा. मूल देवावर चिडलं तर दटावू नका. जनाबाईने विठ्ठलाला कमी खडसावलंय का? त्या घरांसाठी हात जोडावेसे वाटले तर तुम्हीही शेजारी बसून जोडा. आणि मग त्याच्या पलंगावरच्या फळीवर जड पेटी ठेवलेली असेल, तर दोघं मिळून ती खाली उतरवा.