अंकांत उतरलेलें गाणें आणि नकलेची खूण

जेऊरच्या एखाद्या घरीं आजीची जात्यावरची ओवी जुन्या फितीवर जपलेली असेल, तर तिची नक्कल करितांना खरखर वाढते व नकलेची नक्कल त्याहूनही बसकी निघते, हें पुष्कळांस ठाऊक आहे. १९८२ सालीं निघालेल्या कॉम्पॅक्ट डिस्कनें ही अडचण दूर केली. तींत आवाजाचें माप सेकंदास ४४,१०० वेळां घेऊन अंकांत मांडिलेलें असतें. हे अंक तांब्याच्या तारेनें विजेच्या रूपांत, किंवा प्लास्टिकच्या पारदर्शक तंतूंतून तांबड्या प्रकाशाच्या रूपांत, एका यंत्रांतून दुसऱ्यांत जातात. अंक बिनचूक पोंचले कीं शंभरावी नक्कलही मुळासारखीच!

हेंच तबकड्यांच्या व्यापाऱ्यांस भयप्रद वाटलें. म्हणून अंकांबरोबर एक खूणही धाडण्याची योजना झाली. डॅट नांवाच्या फितीचें घरगुती यंत्र ती पाहून एक नक्कल करूं देई. त्या नकलेवरून पुन्हां नक्कल मात्र नाकारी. गंमत अशी कीं, साध्या तारेनें घेतलेल्या घरच्या ओवीवरही हें यंत्र तीच खूण उमटवी. आजी आपली, गळा आपला, आणि मनाई परक्याची! आमच्या मतें हा अन्यायच होता.

कायदा याहून समंजस आहे. भारतांत ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षें टिकतो. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ सालीं वारले. त्यांच्या हयातींत निघालेल्या तबकड्यांवर तो आतां उरलेला नाहीं. मात्र हक्क जिवंत असतां, त्याचा भंग करण्याच्या हेतूनें असें कुलूप कोणीं फोडलें, तर २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणें त्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते.