टेकडीखालच्या शहराचं नाव कसं ठरतं?

प्रश्न : बायबलमधलं अमुक शहर या टेकडीखाली सापडलं, असं संशोधक छातीठोकपणे सांगतात. इतक्या शतकांनंतर नाव कशावरून ठरवतात? वेशीवर पाटी थोडीच असते? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : एका शहराला होती! १८७४ मध्ये फ्रेंच संशोधक क्लेर्माँ-गानो यांना बायबलमधल्या गेजेर शहराच्या आसपासच्या खडकांवर 'गेजेरची हद्द' अशी हिब्रू अक्षरं कोरलेली दिसली. शेजारी ग्रीकमध्ये कुणा अल्किओसचं नाव. बहुधा जमीनदार असावा. खडक कुणी उचलून आणत नाही, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही.

हलवता येणाऱ्या वस्तूंचं मात्र तसं नाही. आपल्याकडेही ताम्रपट एका गावात मिळतो आणि दान दिलेलं गाव दुसरंच निघतं. एल-जिब या गावात पुरातत्त्वज्ञ जेम्स प्रिचर्ड यांना १९५६ पासूनच्या उत्खननात 'गिबोन' हे बायबलमधल्या शहराचं नाव कोरलेले घड्यांचे कान मिळाले. घडे बाहेरून आले असतील, ही शंका रास्तच. पण तिथेच बुचं, नरसाळं आणि खडकात खोदलेली द्राक्षारसाची तळघरंही निघाली. म्हणजे माल इथेच भरला जाई, नावही इथलंच.

मला सर्वांत भावतं ते एक्रोनचं उदाहरण. जेरुसलेमच्या पश्चिमेची तेल मिक्ने ही टेकडी म्हणजे बायबलमधल्या पलिष्टी लोकांचं एक्रोन शहर असावं, असं संशोधक योसेफ नावेह यांनी १९५७ मध्येच सुचवलं होतं. त्रूदे दोथान आणि सीमोर गिटिन यांनी १९८१ पासून तिथे खोदकाम केलं. ऑलिव्ह तेलाचे शंभराहून जास्त घाणे निघाले, पण नावाचा पत्ता नाही. अखेर १९९६ मध्ये, शेवटच्या हंगामात, मंदिराच्या अवशेषांत चुनखडीचा एक शिलाखंड मिळाला. त्यावर जेमतेम पाच ओळी : एक्रोनचा अधिपती, पादीचा मुलगा आखीश याने आपल्या देवीसाठी हे मंदिर बांधलं, तिने त्याला दीर्घायुष्य द्यावं, त्याच्या भूमीचं भलं करावं. शिवाय आखीश धरून पाच पिढ्यांची नावंही.

खरी मौज पुढे आहे. हे बापलेक अश्शूरी लेखांत आधीच भेटले होते. इ.स.पू. ७०१ च्या सुमारास एक्रोनच्या लोकांनी पादीला बेड्या घालून जेरुसलेमच्या हिज्कीया राजाच्या हवाली केलं आणि अश्शूरचा राजा सन्हेरीब याने त्याला सोडवून पुन्हा गादीवर बसवलं, असं सन्हेरीबाचे लेख सांगतात. पुढचा अश्शूरी राजा एसरहद्दोन याच्या मांडलिकांच्या यादीत एक्रोनचा राजा म्हणून आखीशचं नाव येतं. एक्रोन आणि अश्शूर अशा दोन स्वतंत्र दप्तरांत नावं जुळली, तीही मंदिराच्या मूळ जागी मिळालेल्या दगडावर. याहून भक्कम पुरावा मिळणं कठीण.

तो शिलालेख आता जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे.