गल्ल्यावरचा प्रोग्राम बंद का पडतो?

ठाणे, मुंब्रा, कल्याण-डोंबिवली भागात पायथन ही संगणकाची भाषा शिकणारे अनेक तरुण सरावासाठी बिलाचा प्रोग्राम लिहितात. दर विचारा, नग विचारा, गुणाकार करा, रक्कम छापा. घरी तो उत्तम चालतो, दुकानात मात्र लगेच बंद पडतो. असे का होते, ते आज आपण पाहू.

समजा, कल्याणच्या एका किराणा दुकानात बिलाच्या बाराव्या वस्तूचा दर नोकराने '१,५००' असा टाइप केला. त्यातील स्वल्पविराम 'इंट' या फंक्शनला चालत नाही. 'व्हॅल्यूएरर' येतो, प्रोग्राम थांबतो आणि आधीच्या अकरा वस्तूंची नोंद जाते. गिऱ्हाईक समोर उभे असते!

मुळात 'इनपुट' जे देते तो आकडा नसून अक्षरांची ओळ असते. तिचा आकडा 'इंट' करते. 'दहा', '१२.५' किंवा रिकामी ओळ त्याला चालत नाही. मागेपुढे राहिलेली मोकळी जागा चालते. विशेष म्हणजे देवनागरीत '२५' टाइप केले तरी पायथन ३ ते पंचवीसच समजते. तेव्हा मराठी आकड्यांची सवय असलेल्या वडीलधाऱ्यांना अडचण नाही.

उपाय सोपा आहे. 'व्हाइल ट्रू'चे चक्र लावावे. आत 'ट्राय'खाली इनपुट घेणे, 'रिप्लेस'ने स्वल्पविराम काढणे आणि 'इंट' करणे एवढेच ठेवावे. मग 'एक्सेप्ट व्हॅल्यूएरर' लिहून 'फक्त आकडा टाका, उदा. १५००' असा संदेश छापावा. शेवटी 'एल्स'मध्ये आकडा शून्यापेक्षा मोठा आहे का ते पाहावे. असेल तर 'ब्रेक', नसेल तर चक्र पुन्हा विचारील. ही तपासणी विसरू नये. उणे पाच नग हा 'इंट'च्या दृष्टीने योग्यच आकडा आहे, पण त्याने बिल कमी होते. दर पैशांसह असेल तर 'इंट'ऐवजी 'फ्लोट' घ्यावे. बाकी रीत तीच.

दोन चुका आम्हाला वारंवार दिसतात. पहिली, नुसते 'एक्सेप्ट' लिहिणे. त्यामुळे आपल्याच लिखाणातील चुका झाकल्या जातात आणि कंट्रोल-सी दाबूनही चक्रातून बाहेर पडता येत नाही. दुसरी अधिक महागाची. चुकीच्या आकड्याच्या जागी गुपचूप शून्य धरणे. प्रोग्राम थांबत नाही हे खरे, पण माल फुकट जातो आणि संध्याकाळी हिशेब जुळत नाही. बंद पडलेला प्रोग्राम निदान दिसतो. खोटी रक्कम छापणारा दिसत नाही.

म्हणूनच आमचे सांगणे असे की, प्रोग्राम गल्ल्यावर बसवण्यापूर्वी तो संगणक न येणाऱ्या घरच्या माणसाच्या हाती अर्धा तास द्यावा. ते जिथे अडतील तिथे त्यांना दोष देऊ नये, प्रोग्राम सुधारावा. बाजारात टिकतो तो असाच प्रोग्राम.