पाय टेकवत नाहीये

सकाळच्या घाईत मूल लंगडत बाथरूमकडे निघालं, की आपल्या तोंडून पहिलं काय येतं? "आज चाचणी आहे का रे?" डोळ्यांपुढे व्हॅन, डबा, ऑफिस. सगळ्यांचं असंच होतं.

पोटदुखीचं सोंग मुलांना झकास जमतं. लंगडण्याचं मात्र फार वेळ टिकत नाही, खेळाच्या नादात विसरतात. कुणाचं लक्ष नसतानाही लंगडत असेल, तर खरंच दुखतंय असं धरून चालावं.

आधी तळपाय बघूया. काटा, फोड, आत वाढलेलं नख, गेल्या वर्षीचे घट्ट बूट. मग हळूहळू वर: घोटा, नडगी, गुडघा, मांडी. आधी बरा पाय दाबावा, म्हणजे पोराचा विश्वास बसतो. अनवाणी चालवून मोबाइलवर शूटिंग करून ठेवा. दवाखान्यात शिरलं की पोरं नेमकी सरळ चालतात!

सर्दी-खोकल्यानंतर तीन ते दहा वर्षांच्या मुलांच्या खुब्याच्या सांध्याला कधी तात्पुरती सूज येते. विश्रांतीनं बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. पण त्याच सांध्यात पूही होऊ शकतो. अंगात ताप, पाय टेकवत नाही, हात लावू देत नाही, असं असेल तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. तिथे रक्त तपासतात, सोनोग्राफीत सांध्यात पाणी आहे का ते पाहतात.

आणखी एक गोष्ट आपल्याला चकवते. मूल गुडघा दाखवतं आणि दुखणं असतं खुब्यात. चार ते आठ वर्षांच्या वयात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी पडणारा पर्थेस नावाचा आजार होतो, वयात येताना तिथलंच हाड सरकू शकतं, विशेषतः वजनदार मुलांत. गुडघ्याचा एक्स-रे चांगला आला तरी "खुबाही बघाल का?" असं डॉक्टरांना जरूर विचारा.

अगदी लहानग्यांचं वेगळं. आपण कौतुकानं मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येतो, इवलासा पाय कडेला अडकतो आणि नडगीचं हाड चिरतं. पहिल्या एक्स-रेत ती चीर दिसेलच असं नाही. आणि मूल चालायला लागल्यापासूनच, न दुखता, एका बाजूला झुकत असेल, तर जन्मापासून खुबा जागेवर आहे ना, हे तपासून घ्यावं.

आजीला पोलिओची धास्ती वाटते. तिनं ते दिवस पाहिलेत. भारत 2014 मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला, हे तिला सांगूया. तिचं तेल थकल्या पायांना छानच, पण लंगडणारा पाय ओढायचा-चोळायचा नाही.

"वाढीचं दुखणं असेल" हेही आपण सर्रास म्हणतो. ते सहसा दोन्ही पायांत, संध्याकाळी-रात्री. सकाळी पोर हुंदडत असतं. एकच पाय दुखतोय, सकाळीही लंगडतंय, फिकट दिसतंय, वजन उतरतंय, उगाच काळे-निळे डाग उठतायत, तर थांबू नका.

आणि पडल्याचं मूल सांगतच नाही बऱ्याचदा. ज्या कठड्यावर चढू नको म्हणून आपण घसा कोरडा केलेला असतो, तिथूनच उडी मारलेली असते ना! विचारण्याआधी "ओरडणार नाही" असं सांगा. आणि मग खरंच ओरडू नका.