ओंडक्याला हात लावण्याआधी

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, मलाही टिकी कोरायला शिकव," आणि मी "बघू गं" म्हणून विषय बदलला. तुझा आवाज लगेच पडला, ते मला कळलं. पण मी रस्त्यात होते, आणि हे रस्त्यात उभं राहून बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून आज सगळं आवरून, दार लावून लिहायला बसले आहे.

तुझे दिवस कसे जात असतील ते तू मला सांगू नकोस, ते मला पाठ आहेत. 2009 मध्ये मी सॅन दिएगोला आले ती तुझ्यासारखीच, एच-4 व्हिसावर. पुण्यात आठ वर्षं नोकरी केलेली मी, इथे नोकरी करायची नाही असा कायदाच होता. आमच्यातल्या काहीजणींना कामाची परवानगी मिळायला 2015 उजाडलं. तोवर सकाळी नवापासून संध्याकाळी सहापर्यंत घर आणि मी. आईचा फोन आला की "मजेत आहे" म्हणायचे आणि फोन ठेवला की स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून नुसती उभी राहायचे.

त्या दिवसांत समोरच्या गॅरेजमधून ठकठक ऐकू यायची. नौदलातून निवृत्त झालेले एक आजोबा तिथे पामच्या खोडातून टिकी, म्हणजे मोठाल्या डोळ्यांच्या मूर्ती, कोरायचे. तीन आठवडे मी खिडकीतून बघितलं, चौथ्या आठवड्यात रस्ता ओलांडला. त्यांनी काही विचारलं नाही. एक जुनी पटाशी, एक लाकडी हातोडा आणि टाकाऊ तुकडा माझ्यासमोर ठेवला. त्या दुपारी दोन तासांत मी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. तुझ्या मागण्यामागे काय आहे ते मला कळतं, ते एवढ्यासाठीच.

आता ऐक. तो बारा पटाश्यांचा संच तू बघून ठेवला आहेस ना, तो घेऊ नकोस. सुरुवातीला तीन पुरतात: एक इंचाची सपाट, एक मध्यम गोल आणि एक व्ही आकाराची. उरलेल्या पैशांत धार लावायचा चांगला दगड घे आणि चामड्याचा पट्टा घे. दुकानातून आलेली पटाशी धारदार नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खिडकीशी जाऊन तिचं टोक उजेडात धर आणि नीट बघ. धारेवर बारीक पांढरी रेघ चमकली तर ती बोथट आहे. खऱ्या धारेवर उजेड थांबतच नाही, तिथे काही दिसत नाही. ती रेघ नाहीशी होईपर्यंत दगडावर घास, मग पट्ट्यावर ओढ, पातं मागे ओढायचं, पुढे ढकलायचं नाही. पहिला महिना तू निम्मा वेळ धार लावण्यातच घालवशील. कंटाळू नकोस, तेही शिकणंच आहे.

आता एक गोष्ट सांगते, ती आईला अजून माहीत नाही आणि तूही सांगू नकोस. माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी जी पांढरी खूण आहे, ती विळीची नाही. बोथट पटाशी होती, ती पुढे सरकेना म्हणून मी जोर लावला, आणि डाव्या हाताने तुकडा धरलेला होता, पातीच्या अगदी समोर. पटाशी सटकली. चार टाके पडले. बोथट हत्यार जोर मागतं आणि जोर लावला की हातातला ताबा सुटतो. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, आणि तुझ्याकडून तो मी वदवून घेणार आहे: दोन्ही हात नेहमी पातीच्या मागे. तुकडा हाताने धरायचा नाही, क्लॅम्पने टेबलाला आवळायचा. डोळ्यांवर चष्मा, पायात बंद बूट. यात मला तडजोड चालणार नाही.

लाकडाचं म्हणशील तर ते तुला फुकट मिळेल. आपल्या भागात रस्त्याकडेला जे उंच, बारीक, पंख्यासारख्या पानांचे पाम आहेत, ते मेक्सिकन फॅन पाम. झाडं तोडणारे लोक ते कापतात आणि ओंडके टाकायला जागा शोधत असतात. विचारलंस तर आणून देतील. फक्त जाड बुंध्याचा, पिसासारख्या पानांचा कॅनरी खजूर असेल तर घेऊ नकोस. 2011 मध्ये इथे सॅन इसिद्रोला दक्षिण अमेरिकेतला भुंगा सापडला आणि त्याने पुढे ती झाडं पोखरून काढली. आजोळच्या माडांना लागायचा तो सोंड्या भुंगा आठवतो? त्याचाच भाऊबंद. पोखरलेला ओंडका गाडीत घालून नेलास तर भुंगाही तुझ्याबरोबर जाईल.

पामचं लाकूड आपल्या सागवानासारखं नसतं. त्यात वर्षाची वलयं नाहीत, काथ्यासारखे उभे तंतू असतात आणि त्यांच्यामध्ये मऊ गर. बाहेरची बाजू टणक, आतली भुसभुशीत, अगदी माडाच्या खोडासारखी. ताजा ओंडका पाण्याने इतका जड असतो की दोन फुटांचा तुकडासुद्धा तू एकटीने उचलायचा नाहीस. पण ताजा असतानाच तो लोण्यासारखा कापला जातो. पटाशी वरून खाली, तंतूंच्या कलाने चालव. उलटी चालवलीस की तंतू उचकटतो आणि चेहऱ्याचा लचका निघतो. माझ्या पहिल्या मूर्तीचं नाक असंच गेलं. तंतूंचे कुसळासारखे तुकडे हातात शिरतात आणि पिकतात, तेव्हा काम झालं की हात उजेडात धरून बघायची सवय लाव.

आणि चेहरा. इथे सगळे अडतात, मीही अडले होते. आपण डोळे, नाक, ओठ कागदावर काढतो तसे लाकडावर काढायला जातो, आणि मग पोळपाटावर नक्षी काढल्यासारखं सपाट दिसतं. चेहरा रेषांनी होत नाही, उंच आणि खोल यांनी होतो. ओंडक्याभोवती कागद गुंडाळ, त्यावर चित्र काढ, मधोमध उभी रेघ मार. मग स्वतःला विचार, सगळ्यात पुढे काय? नाक. त्याच्यामागे भुवया आणि ओठ. त्याच्यामागे गाल. सगळ्यात खोल डोळ्यांचे कोपरे. नाकाला आणि भुवयांना शेवटपर्यंत हात लावायचा नाही, बाकीचं लाकूड मागे न्यायचं. डोळा करताना आधी कडेने सरळ खोल छेद घे, मग लांबून उतार करत त्या छेदापर्यंत ये. छेद आधी घेतलेला असला की पटाशी तिथे आपोआप थांबते, पुढचं लाकूड उडत नाही. पहिल्यांदा भुवईखाली सावली पडलेली दिसेल तेव्हा तू मला फोन करशील, मध्यरात्र असली तरी कर.

एवढं सगळं दुसरं कुणीही तुला शिकवील. मी आज लिहायला बसले ती पुढच्या गोष्टीसाठी.

तू ज्याचा चेहरा कोरणार आहेस, तो कोण आहे हे तुला माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी कोरत होते आणि मला वाटायचं, टिकी म्हणजे बागेत ठेवायची गमतीची वस्तू. कारण इथे तसंच दिसतं. 1933 मध्ये हॉलिवूडमध्ये डॉन द बीचकोंबर नावाचा, पॅसिफिक बेटांच्या थाटाचा बार निघाला, पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये व्हिक्टर बर्जरॉनने आपलं हॉटेल काढलं, त्याचंच पुढे ट्रेडर व्हिक्स झालं. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये राहून परतलेल्या सैनिकांनी ती हौस घरोघरी नेली. 1963 मध्ये डिस्नेलँडमध्ये टिकी रूम झाली. पेल्यावर टिकी, दिव्यावर टिकी.

पण न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या कथांत टिकी हा पहिला माणूस. पॅसिफिकमधल्या मार्केसस बेटांवर मूर्तीलाच टिकी म्हणतात, आणि तिथे हिवा ओआ बेटावर पुआमाऊला अडीच मीटर उंचीचा दगडी टिकी अजून उभा आहे. मोठाले गोल डोळे, पोटावर ठेवलेले हात. हवाईच्या भाषेत त चा क होतो आणि मूळच्या क च्या जागी घशातला अडखळा येतो, म्हणून तिथे तोच शब्द कि'ई असा ऐकू येतो. तिथल्या मंदिरांत हे कि'ई विधीपूर्वक बसवत. आपण गणपती आणतो, पण प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती माती असते आणि नंतर नसते, हे तुला मी सांगायला नको. त्यांचंही काहीसं तसंच होतं. मग 1819 मध्ये कामेहामेहा दुसरा आणि काआहुमानू राणीने जुने धर्मनियम मोडले, मंदिरं पाडली गेली, मूर्ती जाळल्या गेल्या. युद्धाचा देव कू, त्याच्या माणसाहून उंच अशा फक्त तीन लाकडी मूर्ती वाचल्या. एक होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये, एक मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला, एक लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये. 2010 मध्ये त्या तिन्ही होनोलुलूला काही महिने एकत्र उभ्या राहिल्या.

हे वाचलं त्या रात्री मी गॅरेजमध्ये गेले. माझ्या टेबलावर अर्धवट कोरलेला कू होता, पुस्तकातल्या फोटोवरून हुबेहूब उतरवलेला. एका ओळखीच्यांना त्यांच्या घरातल्या बारसाठी हवा होता. मला एकदम डोळ्यांसमोर आलं, आपल्या देव्हाऱ्यातला गणपती कुणी दारूच्या बाटल्यांमागे सजावटीला ठेवला तर? मला झोप आली असती का? मी त्या ओळखीच्यांना नाही म्हणून कळवलं. ते नाराज झाले, अजूनही नीट बोलत नाहीत. तो ओंडका मी पुढे कोरला नाही.

कोरणं मात्र सोडलं नाही. शेजारच्या आजोबांशी यावर खूप बोलले, मग माझी माझी वाट धरली. मी कुठल्याही बेटावरच्या देवाची किंवा पूर्वजाची मूर्ती फोटोवरून उतरवत नाही. त्या चेहऱ्यांमधून मी खोली शिकते, भुवईची जड पट्टी कशी सावली पाडते ते शिकते, आणि कोरते ते माझे चेहरे. एक आपल्या आजीचा आहे, नऊवारीचा पदर डोक्यावरून घेतलेला, गालाची हाडं वर आलेली. तू ओळखशील. आणि मी ते विकायला काढत नाही. कुणी विचारलं तर हवाईतल्या, न्यूझीलंडमधल्या कोरणाऱ्यांकडून घ्या म्हणते. त्यांच्याकडे ही विद्या जिवंत आहे. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआला 1927 मध्ये सर आपिराना न्गाता यांनी त्यासाठी शाळा काढायला लावली, आणि आजही तिथे तरुण मुलं वर्षानुवर्षं बसून शिकतात. माओरींमध्ये परंपरेने लाकडावरचं काम पुरुषांचं आणि विणकाम बायकांचं. तुझ्या हातात पटाशी आहे ती कुठल्याही दीक्षेशिवाय आली आहे, एवढं भान असू दे. मी तुला घाबरवत नाही. हे मला दोन वर्षं उशिरा कळलं, तुला पहिल्या दिवशी कळावं म्हणून सांगते.

एक शेवटचं राहिलं. कोरून झालं की कानस मारायची, मग गॅसच्या टॉर्चने वरून हलकं जाळायचं आणि तारेच्या ब्रशने घासायचं. मऊ गर झडतो, काळे तंतू उठून येतात, फार सुंदर दिसतं. त्यावर जवसाचं तेल. पण तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकशील तर ती आपोआप तापून पेटतात, हे खरं आहे, खोटं वाटेल. अंगणात पसरून वाळव किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेव. घरात लहान मूल आहे तुझ्या, हे विसरू नकोस.

शनिवारी ये. जावईबापूंना म्हणावं, चार तास बाळाला सांभाळा, बाईला काम आहे. ओंडका मी मागच्या अंगणात सावलीत, ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवला आहे, दीड फुटाचा. आजोबांनी मला दिली होती तीच पटाशी तुझ्यासाठी धार लावून ठेवते. बंद बूट घालून ये.