तापात शुगरची गोळी: घ्यायची की थांबवायची?

पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यू-चिकनगुनियाचा ताप गावात फिरू लागतो. ज्या घरात शुगरचं माणूस आहे, तिथे दुसऱ्याच दिवशी प्रश्न येतो, "सासूबाईंनी सकाळपासून घासभर खाल्लं नाही, गोळी देऊ का?" शेजारीण सांगते, सगळं बंद कर. नणंद सांगते, रोजचं औषध चुकवू नको. दोघींचं अर्धं खरं आहे, कारण शुगरची सगळी औषधं एकसारखी नसतात.

इन्सुलिन चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नका. "जेवलीच नाही, मग सुई कशाला?" असं वाटतं खरं. पण तापात शरीर स्वतःच रक्तात साखर सोडतं, म्हणून उपाशीपोटीही शुगर चढते. दर चार तासांनी तपासा आणि किती डोस घ्यायचा ते डॉक्टरांना फोनवर विचारा.

ग्लिमेपिराइडचं उलटं. अन्न न खाता ही गोळी घेतली तर शुगर एकदम उतरते. दरदरून घाम येतो, हात कापतात, माणूस असंबद्ध बोलतो. शुगर ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. या गोळीने उतरलेली शुगर काही तासांनी परत उतरते, म्हणून बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

उलट्या-जुलाब होत असतील, पाणीही पोटात ठरत नसेल, तर मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन या गोळ्या बहुधा तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. अंगातलं पाणी कमी झालं की त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साचू शकतं. डॅपाग्लिफ्लोझिनमध्ये तर शुगर फार वाढलेली नसतानाही हे होतं. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, आणि पुन्हा कधी सुरू करायच्या तेही विचारा. एकाच गोळीत दोन औषधं असतात, तेव्हा पाकिटावरची बारीक नावं कॉलेजातल्या लेकीकडून वाचून घ्या.

जुलाबात ओआरएस गोड आहे म्हणून टाळू नका. लिटरभर पाण्यात साखर असते जेमतेम साडेतेरा ग्रॅम.

अंग दुखतं म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन आणू नका. डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही सांगितलं तेवढंच. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. "ताकदीचं इंजेक्शन" देतो म्हणाले तर त्यात स्टेरॉइड आहे का, ते विचारायला लाजू नका. त्याने शुगर भडकते. २०२१ मध्ये कोरोनानंतर काळ्या बुरशीने डोळे गमावलेल्यांत शुगरचे रुग्ण मोठ्या संख्येने होते, आणि अनेकांना स्टेरॉइड दिलेलं होतं.

शुगर दोनदा तपासून ३०० च्या वर, श्वास जोरजोरात, पोटात सतत दुखणं, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी किंवा गुंगी, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

गटात मिळून एक शुगर मशीन घेता येईल, पण टोचायची सुई प्रत्येकीला दरवेळी नवी.