जर्मनीत घरमालकाशी वाद झाला तर

जर्मनीत भाडेकरू आणि घरमालक यांच्यातला वाद कागदावर मिटतो. पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांचा करार, दलालाची मध्यस्थी आणि फोनवरची समजूत यांवर बरेच निभावते. म्युनिक, फ्रँकफुर्ट किंवा स्टुटगार्टला त्याचा उपयोग थोडा. तिथले बहुतेक करार बेमुदत असतात आणि कायदा भाडेकरूला चांगले संरक्षण देतो. मात्र ते मिळवायचे तर तक्रार लेखी आणि वेळेत करावी लागते. तिथे स्थिरावलेली मराठी कुटुंबे नव्याने येणाऱ्यांना जे सांगतात, त्याचे हे सार.

ताबा घेताना

बरेच वाद घर सोडताना उपटतात आणि त्यांचे मूळ ताबा घेण्याच्या दिवशी असते. त्या दिवशी ‘यूबरगाबेप्रोटोकोल’ म्हणजे ताबापत्रक भरले जाते. लाकडी जमिनीवरचे ओरखडे, वॉशबेसिनची चीर, वीज-पाण्याच्या मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या हे सारे त्यात यावे आणि दोघांच्या सह्या व्हाव्यात. सोबत फोटो काढून ठेवावेत.

अनामत रक्कम, म्हणजे ‘काउत्सिओन’, तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. मूळ भाडे म्हणजे इतर खर्च वगळून येणारे ‘काल्टमीट’. ही रक्कम तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे.

तक्रार कशी करावी

हीटिंग बंद पडले, नळ गळू लागला, खिडकी लागेना, तर घरमालकाला ताबडतोब कळवणे हे भाडेकरूचे कायदेशीर कर्तव्य आहे. कळवले नाही आणि नुकसान वाढले, तर भरपाई त्याच्याच गळ्यात पडू शकते. फोनवर जरूर बोलावे. पण त्याच दिवशी पत्र किंवा ईमेल पाठवावी. पत्रात चार गोष्टी पुरतात: बिघाड कोणत्या खोलीत, कधीपासून, त्याचे फोटो आणि दुरुस्तीसाठी तारखेसह मुदत. बुरशीसारख्या तक्रारीला दोन आठवडे योग्य. ऐन जानेवारीत हीटिंग बंद असेल तर दोन-तीन दिवस. भाषा औपचारिक असावी, आडनावापुढे ‘हेर’ किंवा ‘फ्राऊ’ लावावे आणि संताप पत्राबाहेर ठेवावा. महत्त्वाचे पत्र ‘आइनवुर्फ-आइनश्राइबन’ने, म्हणजे पेटीत टाकल्याची नोंद होणाऱ्या रजिस्टर टपालाने पाठवावे.

बुरशीचा वाद

भारतीय कुटुंबांशी होणाऱ्या भांडणांत बुरशी हा नेहमीचा विषय. कपाट हलवले की बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसतात. घरमालक म्हणतो, भाडेकरू खिडक्या उघडत नाही. भाडेकरू म्हणतो, भिंतच ओल धरते. कुकरची वाफ, इडल्यांचे मोदकपात्र आणि खोलीत वाळत घातलेले कपडे यांनी हवेतला दमटपणा खरोखरच वाढतो. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवल्याने फार फरक पडत नाही. उलट भिंत गार पडते. दिवसातून तीन-चार वेळा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटे हवा खेळू द्यावी. यालाच ‘श्टोसल्युफ्टन’ म्हणतात. कपाट बाहेरच्या भिंतीपासून थोडे दूर ठेवावे. एक स्वस्त आर्द्रतामापक आणून आकडे आणि हवा खेळवल्याच्या वेळा महिनाभर लिहून ठेवाव्यात. आर्द्रता साठ टक्क्यांखाली राहूनही बुरशी येत असेल, तर दोष इमारतीत असल्याचे म्हणायला ही वही मोठा आधार ठरते.

भाडे कापणे आणि भाडेवाढ

घरात गंभीर दोष असेल तर भाडे कमी होते, असे कायदा सांगतो. किती, हे तो सांगत नाही. स्वतःच अंदाज बांधून रक्कम कापणे धोक्याचे. एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त थकबाकी सलग दोन महिन्यांत साचली, की घरमालक तत्काळ करार मोडू शकतो. म्हणून सल्ला मिळेपर्यंत पूर्ण भाडे भरावे आणि ‘हक्क राखून भरत आहे’ असे लेखी कळवावे.

पाणी, हीटिंग, कचरा यांचा वार्षिक हिशोब त्या हिशोबवर्षानंतर 12 महिन्यांच्या आत हाती यावा लागतो. कॅलेंडर वर्ष 2024 चा हिशोब 31 डिसेंबर 2025 नंतर आला, तर जादा मागणी सहसा बाद होते. हिशोब पटला नाही तर मूळ बिले पाहण्याचा हक्क आहे आणि हरकतीला 12 महिने मिळतात.

नेहमीच्या करारात स्थानिक सरासरी भाड्यापर्यंतची वाढ भाडेकरूच्या संमतीनेच होते. तीन वर्षांत ती 20 टक्क्यांवर नेता येत नाही. घरटंचाई जाहीर झालेल्या शहरांत ही मर्यादा 15 टक्के आहे.

प्रवेश आणि घर सोडण्याची नोटीस

घरमालकाला सबळ कारण आणि पूर्वसूचनेशिवाय घरात येता येत नाही. भाडेकरूच्या संमतीविना किल्लीही जवळ ठेवता येत नाही. व्हॉट्सअॅप किंवा ईमेलवरची ‘घर सोडा’ ही नोटीस ग्राह्य नाही. सही केलेला कागदच लागतो, आणि हा नियम भाडेकरूलाही लागू आहे. घरमालकाला कारण द्यावे लागते, बहुधा ‘आइगेनबेडार्फ’, म्हणजे स्वतःच्या किंवा घरच्यांच्या राहण्याची गरज. भाडेकरूचा नोटीसकाळ तीन महिन्यांचा. घरमालकाचा पाच वर्षांनी सहा आणि आठ वर्षांनी नऊ महिन्यांचा होतो. म्हातारपण, आजार, गरोदरपण अशी अडचण असेल तर करार संपण्याच्या दोन महिने आधीपर्यंत लेखी हरकत घेता येते. घरमालकाच्याच घरात फर्निचरसह दिलेल्या खोलीत राहणाऱ्याला मात्र यातले बरेच संरक्षण नाही.

अनामत परत घेताना

अनामत परत करण्याला कायद्यात ठरलेली मुदत नाही; न्यायालये साधारण तीन ते सहा महिने वाजवी मानतात. वार्षिक हिशोब बाकी असेल तर घरमालक त्यापुरती रक्कम अडवू शकतो. घराच्या नुकसानीचा त्याचा दावा मात्र घर ताब्यात मिळाल्यापासून सहा महिन्यांत कालबाह्य होतो.

मदत कुठे

गावोगावी ‘मीटरफेराइन’ या भाडेकरू संघटना आहेत. त्यांतल्या सुमारे 300 ‘डॉयचर मीटरबुंड’ या शिखर संस्थेत एकत्र आल्या आहेत. वार्षिक वर्गणीत सल्ला मिळतो, पत्रेही लिहून मिळतात. राहत्या घराचे खटले, रक्कम कितीही असो, आधी ‘आम्ट्सगेरिश्ट’ या स्थानिक न्यायालयात चालतात. उत्पन्न कमी असेल तर तिथूनच सल्ल्याचे प्रमाणपत्र मिळते आणि वकिलाला फक्त 15 युरो द्यावे लागतात. संघटनेसोबत मिळणारा खटल्याच्या खर्चाचा विमा बहुधा काही महिन्यांनी लागू होतो, आणि आधीच पेटलेल्या वादाला तो लागत नाही. म्हणून सभासदत्व वाद होण्याची वाट न पाहता, करारावर सही होताच घ्यावे.